जाड तारेची बाजू

शाळेत आम्हांला गायीवर निबंध असे, पावसाळ्यावर असे, 'मी पंतप्रधान झालो तर' यावरही असे. विजेच्या तारेवर कधीच नव्हता. त्याचा परिणाम म्हणा किंवा आणखी काही म्हणा, पण आपल्या सुशिक्षित समाजात वायरीच्या जाडीविषयी मत नसलेला माणूस सापडत नाही आणि माहिती असलेलाही सापडत नाही. हे मत साधारणपणे तीन शब्दांचं असतं : "बारीकसुद्धा चालते की!"

या तीन शब्दांविरुद्ध मला आज फिर्याद दाखल करायची आहे.

घर घेताना माणूस फरशीसाठी सात दुकानं हिंडतो. न्हाणीघरातल्या नळाच्या तोटीवरून नवराबायकोत दोन दिवस अबोला होतो. लग्नाच्या वेळी मंगळसूत्राची तार किती ग्रॅमची यावर दोन्हीकडची वडीलधारी मंडळी चष्मे पुसून बसतात. आणि भिंतीतून जाणारी तांब्याची तार? "ती काय, वायरमन आणेल ती." वायरमन अर्थातच त्याला परवडेल ती आणतो. सोन्याची तार काट्यावर दोनदा तोलणारे आपण तांब्याच्या तारेला बोटसुद्धा लावून पाहत नाही. कारण सरळ आहे. सोनं गळ्यात दिसतं, तांबं भिंतीत जातं.

गंमत अशी की घरात ही चूक पटकन अंगाशी येत नाही. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची, चांगली दांडगी. लहानसहान पापं तिच्या दांडगाईखाली झाकली जातात. बारीक तारेचं खरं रूप बघायचं तर वीज अशक्त हवी. बारा व्होल्टची, बॅटरीतली. आणि काम दमछाकीचं हवं. हे दोन्ही योग एकत्र येतात ते होडीच्या विजेच्या मोटरीत. आता अशा मोटरी लावून मासे धरायची हौस ज्या देशात घरोघर आहे तो देश अमेरिका, आणि माझा भाचा राहतो मिनेसोटात. म्हणून वाचकांनी माझ्याबरोबर एवढं लांब यायचं आहे. तिकीट लागणार नाही.

आधी माझा अधिकार सांगतो, नाहीतर मागाहून कोणीतरी विचारील. मी वीज मंडळाच्या हिशेब खात्यात चौतीस वर्षं काढली. म्हणजे विजेशी माझा संबंध तिच्या थकबाकीपुरताच. पण 'मंडळात होते' एवढ्या भांडवलावर आमच्या सोसायटीत कोणाचाही पंखा कुरकुरला तरी मला बोलावणं येतं. त्यामुळे निवृत्तीनंतर नाइलाजानं मी या विषयाची पुस्तकं वाचली. माणूस नोकरीत असताना जे शिकत नाही ते निवृत्तीनंतर शेजाऱ्यांमुळे शिकतो.

तर २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता भाच्याकडे गेलो. मिनेसोटातल्या मोटारींच्या नंबरपाटीवर 'दहा हजार सरोवरं' असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात दहा एकरांच्या वरचीच ११,८४२ आहेत. सरकारी पाटीवर खऱ्यापेक्षा कमी आकडा लिहिलेलं हे मी पाहिलेलं एकमेव राज्य. तिथे वॉलाय नावाचा मासा आहे. तो राज्याचा अधिकृत मासा. म्हणजे त्याला मान आहे आणि लोक त्याला तळून खातात. हा मासा धरण्याची एक पद्धत म्हणजे गळ पाण्यात सोडायचा आणि होडी अगदी सावकाश, आवाज न करता पुढे न्यायची, की आमिष माशाच्या नाकासमोरून फिरायला निघाल्यासारखं जातं. याला ट्रोलिंग म्हणतात. (हल्ली या शब्दानं लोकांना भलतंच काही आठवतं. तिथेही आमिषच असतं, फक्त गळाला लागतात ती माणसं.) या संथ चालीसाठी होडीच्या नाकाशी जी छोटी विजेची मोटर लावतात ती ट्रोलिंग मोटर. शेजारच्या नॉर्थ डकोटातल्या फार्गो गावच्या ओ. जी. श्मिट या गृहस्थानं १९३४ साली फोर्डच्या मॉडेल ए गाडीचा स्टार्टर काढला, त्याला दांडा आणि पंखा जोडला आणि ही मोटर तयार केली. भंगारातून वस्तू करणारा माणूस आपल्याला नेहमीच जवळचा वाटतो.

भाच्यानं अशीच एक मोटर आणली होती. बारा व्होल्टची, ढकलण्याचा जोर पंचावन्न पौंड, पूर्ण वेगात पन्नास अँपिअर ओढणारी. होडी सतरा फुटी, अल्युमिनियमची. मोटर पुढे नाकाशी, बॅटरी मागे पिछाडीला. मधल्या अंतरासाठी तार हवी. ती निवडायला भाच्याचा एक मित्र आला होता. मूळचा आपल्याच इकडचा, स्वभावानं लाखात एक, दर रविवारी कोणाच्या ना कोणाच्या गॅरेजमध्ये कोणाला ना कोणाला मदत करणारा. त्यानं तारेचं एक भेंडोळं बरोबर आणलं होतं, दहा नंबरचं. आणि मी काही विचारायच्या आत तो महामंत्र उच्चारला, "काका, एवढी चालते की!"

या भल्या माणसाशी माझं वैर नाही. पण त्यानं त्या दुपारी जी पाच कारणं दिली, ती मी दादरला ऐकली आहेत, सांगलीला ऐकली आहेत आणि आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत तर ठरावाच्या स्वरूपात ऐकली आहेत. म्हणून ती एकेक करून घेतो.

कारण पहिलं : "काका, बारा गुणिले पन्नास म्हणजे सहाशे वॅटची तर मोटर! आपल्या घरचा गिझर दोन हजार वॅटचा असतो. त्याला चार चौरस मिलिमीटरची तार पुरून उरते. ही दहा नंबर म्हणजे सव्वापाच. गिझरपेक्षा जाड तार, तीही गिझरच्या पावपट मोटरला!"

ऐकायला किती पटतं! मीसुद्धा क्षणभर मान हलवली असती. पण तारेला वॅट कळत नाहीत हो. तिला कळतात अँपिअर. गिझर २३० व्होल्टवर चालतो म्हणून त्याचे दोन हजार वॅट नऊ अँपिअरसुद्धा ओढत नाहीत. मोटर बारा व्होल्टवर चालते म्हणून तिच्या सहाशे वॅटना पन्नास अँपिअर लागतात. दहा हजार रुपये पाचशेच्या नोटांत न्यायचे तर सदऱ्याचा खिसा पुरतो. तेच एकेक रुपयाच्या नाण्यांत न्यायचे तर गोणी लागते, आणि हमालही. बारा व्होल्टची वीज म्हणजे सुटी नाणी. तिला गोणी द्या. चंद्रपूरची वीज मुंबईजवळ पडघ्याला येते ती साडेसातशे किलोमीटर, पाच लाख व्होल्टच्या दाबानं, ती काय थाटासाठी? नोट मोठी केली की गोणी लहान पुरते, एवढाच त्यातला हिशेब. आणि हिशेब मला कळतो.

कारण दुसरं : "होडीच मुळी सतरा फुटांची. त्यात तार लागून लागून किती लागणार?"

अठरा फूट, कडेकडेनं वळवून नेली तर. पण वीज म्हणजे एस.टी.ची गाडी आहे. गेलेली गाडी डेपोत परत यावी लागते. जायला अठरा आणि यायला अठरा मिळून छत्तीस फूट. निम्मी माणसं इथेच फसतात; एकेरी भाडं काढतात आणि परतीच्या प्रवासात कंडक्टरनं हटकलं की चिडतात. आता साधा त्रैराशिकाचा हिशेब. दहा नंबरच्या तांब्याच्या तारेला हजार फुटांमागे एक ओहम रोध असतो. छत्तीस फुटांना झाला ०.०३६ ओहम. त्याला पन्नास अँपिअरनं गुणा : १.८ व्होल्ट. बारातले १.८ व्होल्ट वाटेतच गळाले. शंभरात पंधरा! आणि ते गळतात म्हणजे हवेत जात नाहीत. नव्वद वॅटची ऊब होऊन ते तारेतच मुक्काम करतात. म्हणजे होडीभर पसरलेला जवळजवळ एक शंभराचा बल्ब, फक्त उजेड न देणारा.

मित्र म्हणाला, "पण काका, व्होल्टेज कमी झालं तर मोटर पन्नास ओढणारच नाही, कमी ओढेल." खरं आहे. उपाशी माणूस कमी खातो आणि कमी काम करतो, याला आपण काटकसर म्हणत नाही.

हेच गणित चार नंबरच्या तारेला घाला. चार नंबर दहाच्या चौपट जाड, म्हणून गळती पाव : अर्ध्या व्होल्टहूनही कमी, शंभरात चारच्या आत. दोन नंबर घातली तर तीनच्याही आत. मोटरबरोबर आलेल्या पुस्तिकेत हा सगळा तक्ता छापलेला होता आणि आमच्या लांबीला त्यात चार नंबर लिहिलेला होता. पुस्तिका खोक्याच्या तळाशी होती. पुस्तिका नेहमी खोक्याच्या तळाशी असते आणि खोकं नेहमी रद्दीत असतं.

कारण तिसरं, आणि हे सर्वांत लाडकं : "लावून बघू की. चालली तर झालं!"

लावून बघितली. गॅरेजसमोर, होडी गाड्यावर, पंखा हवेत. बटण दाबल्याबरोबर मोटर अशी भिरभिरली की भाच्याच्या मुलांनी टाळ्या पिटल्या. मित्रानं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात विजय नव्हता, करुणा होती. पण पंख्याला हवेत काय ओझं असतं? रिकामी हातगाडी उतारावरून कोणीही पळवतो. पंखा पाण्यात गेला, होडीत सहा माणसं बसली आणि समोरून वारा आला, की मग मोटरला तिचे पन्नास अँपिअर आठवतात.

ते त्याच शनिवारी आठवले. आम्ही गेलो त्या तलावावर पेट्रोलच्या इंजिनाला बंदी होती. वीज किंवा वल्ही, तिसरा मार्ग नाही. जाताना वारा पाठीला. होडी कशी लग्नाच्या मिरवणुकीसारखी डुलत गेली. दुपारी परत फिरलो तेव्हा वारा तोंडावर आणि बॅटरी निम्म्यावर. मोटर बंद पडली नाही. ती बंद पडली असती तर बरं, निदान कळलं तरी असतं. ती चालू होती आणि होडी जागच्या जागी होती. किनाऱ्यावरचं एक लाल छपराचं घर मी पंधरा मिनिटं त्याच कोनातून पाहत होतो. भाच्यानं वेग पूर्ण केला. तार कडेकडेनं गेली होती तिथे मुलीचा हात लागला आणि तिनं "बाबा, हे गरम आहे" असं निरागस निवेदन केलं. मग वल्ही निघाली. मुलं थंडीनं काकडलेली, सूनबाई एकाला पोटाशी धरून बसलेली, आमच्या सौभाग्यवतींचं नामस्मरण चाललेलं, आणि दोन कमावते पुरुष वल्ही मारताहेत. चाळीस मिनिटं लागली. तलाव लहान होता म्हणून हा मजकूर विनोदी सदरात मोडतो. मोठा असता, वारा वाढला असता, तर तो वर्तमानपत्रात दुसऱ्याच पानावर आला असता.

'चालते' या शब्दाला म्हणूनच माझा आक्षेप आहे. कुठे चालते? अंगणात. कधी चालते? बॅटरी भरलेली असताना. किती वेळ? कोणी बघत आहे तोवर. तारेची परीक्षा गरजेच्या वेळी होते आणि गरजेची वेळ आधी कळवून येत नाही.

कारण चौथं : "काका, फ्यूज आहे की! काही झालंच तर तो उडेल."

फ्यूज या प्राण्याविषयी जेवढे गैरसमज आहेत तेवढे फक्त सासूविषयी असतील. लोकांना वाटतं, फ्यूज मोटरच्या रक्षणासाठी असतो. फ्यूज असतो तारेच्या रक्षणासाठी. तारेला सोसेल त्याहून जास्त वीज जाऊ लागली तर तिच्याआधी आपण मरायचं, एवढंच त्याचं व्रत. म्हणून फ्यूज तारेच्या मापानं निवडायचा असतो आणि बसवायचा बॅटरीजवळ, कारण विजेचा उगम तिकडे आहे. अमेरिकेच्या सरकारी नियमात हे अंतर तारेच्या लांबीनं मोजून बहात्तर इंचांच्या आत सांगितलेलं आहे. आमच्या होडीत फ्यूज पुढे मोटरजवळ होता, म्हणजे दरोडेखोर पुढच्या दारानं येईल म्हणून गुरखा मागच्या अंगणात बसवलेला. आणि होता साठ अँपिअरचा. तार मात्र घरगुती आवरणाची, तीसच्या पुढे तिला ताप यायचा. अशा जोडीत फ्यूज शांतपणे बसून राहतो आणि तार त्याच्याआधी देह ठेवते.

आणि हे काही अमेरिकेपुरतं नाही. आपल्याकडे जुन्या चिनी मातीच्या कटआऊटमधला फ्यूज दोनदा उडाला की घरातला कर्ता पुरुष काय करतो? "सारखा कटकट करतो लेकाचा," म्हणतो आणि वायरीतली एक चांगली जाडजूड तार सोलून तिथे पिळून टाकतो. पुन्हा कधी उडत नाही. उडत नाही म्हणजे सुटलो, असं सगळं घर समजतं. मला तर माणसाच्या स्वभावाची सारी गोम या एका कृतीत दिसते. जिथे जाड तार हवी तिथे तो बारीक घालतो, आणि जिथे बारीक हवी तिथे जाड. पुन्हा दोन्हीकडे पैसे वाचले म्हणून खूश!

कारण पाचवं : "जाड तार महाग पडते."

पडते. पण कशाच्या मानानं? होडी, मोटर, बॅटरी, परवाना, गळ, टोपी आणि त्या टोपीला शोभणारं जाकीट, या सगळ्या खर्चात तार म्हणजे लग्नाच्या खर्चातल्या अक्षता. पंगतीला पाच पक्वान्नं करायची आणि अक्षतांत कणी घालायची याला काटकसर म्हणत नाहीत, दुसरा शब्द आहे. शिवाय हल्ली स्वस्त तार म्हणून जी मिळते तिच्यात वरून तांब्याचा मुलामा आणि आत अल्युमिनियम असंही असतं. अल्युमिनियम वीज नेतं ते तांब्याच्या जेमतेम साठ टक्के. म्हणजे पितळेला सोन्याचं पाणी देण्याची कला आता तांब्यापर्यंत आली. कापलेल्या टोकाकडे नीट बघावं. आत चंदेरी दिसलं तर परत करावं.

या गोंधळात भर घालते ती नंबरांची उलटी रीत. अमेरिकन मापात नंबर जितका मोठा तितकी तार बारीक. दहा नंबर सहापेक्षा बारीक, सहा चारपेक्षा. तार साच्यातून जितक्या वेळा ओढून बारीक करायची तितका तिचा नंबर, अशी त्यामागची जुनी रीत. तीन नंबर खाली उतरलं की तांबं दुप्पट होतं. आपल्याकडेही जुने वायरमन 'तीन-बावीस', 'सात-वीस' असं म्हणत : बावीस गेजच्या तीन तारा, वीस गेजच्या सात. आता चौरस मिलिमीटर आले, मोठा आकडा म्हणजे जाड तार, सरळ कारभार. पण सरळ कारभारावर आपला विश्वास नसल्यामुळे दुकानात अजूनही "जरा जाडसर द्या" असंच मागितलं जातं. जाडसर! पोहे आहेत का ते?

आता कोणी म्हणेल, एवढ्याशा तारेवरून एवढा आवेश? वाचकहो, याच भांडणापायी एक अख्खा समुद्र अडला होता. १८५८ साली आयर्लंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंत अटलांटिक महासागराच्या तळातून पहिली तार टाकली. विल्यम थॉमसन नावाचे प्राध्यापक (हेच पुढे लॉर्ड केल्विन झाले) गणित मांडून सांगत होते की एवढ्या लांबीला तांबं जाड हवं, आवरण जाड हवं. कंपनीचे विद्युतप्रमुख होते वाइल्डमन व्हाइटहाउस. पेशानं शल्यविशारद. त्यांचं म्हणणं, थॉमसनचं गणित कागदावरचं. बारीकसुद्धा चालते की! बारीक घातली, एका सागरी मैलाला १०७ पौंड तांब्याची. व्हिक्टोरिया राणीनं अमेरिकेच्या अध्यक्षांना अठ्ठ्याण्णव शब्दांचा संदेश पाठवला, तो पोचायला सोळा तास लागले. तेव्हा व्हाइटहाउससाहेबांनी काय करावं? तारेत दोन हजार व्होल्टचा मारा केला. रोगी क्षीण आहे म्हणून त्याला तालमीत पाठवलं. तीनेक आठवड्यांत तार कायमची मुकी झाली. १८६६ साली नवी, टिकलेली तार टाकली तिच्यात मैलाला ३०० पौंड तांबं होतं. थॉमसनचं गणित अखेर समुद्राच्या तळाशी जाऊन मान्य झालं.

थॉमसन तरी साहेब होता. ज्याच्या नावानं आपण रोध मोजतो तो गेऑर्ग ओहम कोलोनच्या शाळेतला मास्तर. त्यानं १८२७ साली आपला नियम पुस्तकात छापला तेव्हा त्याच्याच देशात त्याची किंमत झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीनं पदक दिलं ते १८४१ साली. म्हणजे व्होल्ट, अँपिअर आणि रोध यांचा एका ओळीचा संबंध पटायला विद्वानांना चौदा वर्षं लागली. आमच्या सोसायटीला अजून लागायची आहेत, पण मी आशा सोडलेली नाही.

मी अतिरेकी आहे असं मात्र समजू नका. विजेच्या दिव्याला दोरखंडाएवढी तार घाला असं मी म्हणत नाही. याच केल्विनसाहेबांनी १८८१ साली सांगून ठेवलं की तांब्यावरचा खर्च आणि वाटेत गळणाऱ्या विजेचा खर्च यांचा मेळ बसेल तिथे थांबावं. होडीवाल्यांच्या प्रमाण नियमांतही असाच विवेक आहे : महत्त्वाच्या कामाला शंभरात तीनपर्यंत गळती चालेल, साध्यासुध्या दिव्याबिव्याला दहापर्यंत. 'चालेल' हा शब्द मलाही मान्य आहे. फक्त तो हिशेबानंतर यावा, हिशेबाच्या ऐवजी नाही.

आणि हिशेब तरी काय मोठा आहे? तारेला दोन प्रश्न विचारायचे. एक : तू तापशील का? दोन : तू पोचवशील का? घरात बहुधा पहिला प्रश्न भारी पडतो, बारा व्होल्टला बहुधा दुसरा. चांगल्या आवरणाची दहा नंबर तार पन्नास अँपिअरला जळली नसतीही, पण होडी घरी आणण्यापुरतं पोचवू मात्र शकली नसती. दोन्ही उत्तरांतलं जे जाड ते घ्यायचं. लांबी दुहेरी धरायची. बॅटरी पुढे सरकवून लांबी कमी करता आली तर तेही बघायचं. पुढे मोटरच घ्यायची असेल तर चोवीस व्होल्टची घ्यायची : वॅट तेवढेच ठेवले तर अँपिअर निम्मे होतात आणि त्याच तारेतली टक्केवारीची गळती पावपट उरते. तार बारीक तंतूंची, कल्हई केलेल्या तांब्याची घ्यायची, कारण पाणी तांब्याला खातं. टोकाला लग नीट दाबून बसवायचा. सांध्यात शंभरांश ओहम रोध राहिला तरी पन्नास अँपिअरला अर्धा व्होल्ट तिथेच जातो आणि पंचवीस वॅटची शेगडी पेटते. जाड तारेचं पुण्य एका सैल सांध्यानं फुकट घालवणारे लोक मी पाहिले आहेत. नवस फेडायला पंढरपूरपर्यंत चालत जायचं आणि देवळाच्या दारातून चपला चोरून आणायच्या, त्यातला प्रकार.

शेवटी एक गोष्ट सांगतो आणि फिर्याद संपवतो. पंधरा टक्के वाटेत खाऊन "काम चालू आहे" असं सांगणारी बारीक तार आपण फक्त होडीत सोसतो असं नाही. मी चौतीस वर्षं हिशेब खात्यात होतो. अशा पुष्कळ तारा मी दोन पायांवर चालताना पाहिल्या आहेत. त्यांना बदलणं माझ्या हातात नव्हतं. पण घरातली, होडीतली, गिझरची, बॅटरीची तार तुमच्या हातात आहे. तेव्हा उद्या दुकानदार म्हणाला, "साहेब, बारीकसुद्धा चालते की," तर त्याला शांतपणे विचारा, "किती अँपिअर, किती फूट, आणि परतीचे धरून का?" तो एकदम गप्प होईल. मग तो जी तार मनातल्या मनात देणार होता तिच्यापेक्षा जाड मागा. बायको विचारील, एवढी जाड कशाला? तिला मंगळसूत्राची आठवण करून द्यायची. पण ती जरा बेतानं. त्या बाबतीत फ्यूज फारच बारीक असतो.